सोनं घेऊन पळाली

तिच्याइतकं हळू चालणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलं नाही. डिंभ्याच्या आमच्या शाळेपासून बसच्या थांब्यापर्यंत सगळा उतार. त्या उताराला म्हशीसुद्धा आपोआप वेग घेत. ही मात्र पर्स काखोटीला मारून, वाटेतल्या प्रत्येकाची चौकशी करत, दिवस भरलेल्या बाईनं चालावं तशी चालायची. समोर बस उभी असायची. कंडक्टर दारातून आमच्याकडे बघत घंटीच्या दोरीला हात घालायचा. मी पदर खोचून पळत सुटायचे आणि मागून हाक यायची, "ए मराठी, जाऊ दे ना तिला. दुसरी यील."

दुसरी कधी येईल हे डिंभ्यात कुणीच सांगू शकत नसे. मग धरणाच्या भिंतीकडे बघत आम्ही थांब्यावर बसून राहायचो, मी फुगलेली आणि ती शेंगा फोडत. "अगं, चार पावलं जोरात टाकली असतीस तर काय बिघडलं असतं?" असं मी विचारलं की ती एकदम गंभीर व्हायची. "पळायला रेषा लागती. गाडीमागं मी पळत न्हाई."

आणि ही बाई एकेकाळी राज्यातली सगळ्यात वेगवान मुलगी होती! शंभर मीटरची सुवर्णपदक विजेती. देशपातळीवर पदक मिळवून आलेली, उत्तरेकडच्या मोठ्या शिबिरात राहून आलेली. तिथलं हिंदी तिच्या तोंडात अजून शिल्लक होतं. मुली फार चुकल्या की ती "अरे यार, क्या कर रही है" असं तिच्या आणे गावाच्या पठारावरच्या हेलात म्हणायची. त्याच शिबिरात तिच्या मांडीची शीर तुटली. पुढे ती जुळलीही. डॉक्टरांनी सांगितलं, जरा बेतानं पळायला हरकत नाही. "बेतानं पळायचं म्हंजी काय? अर्धं जेवल्यासारखं?" म्हणत तिनं पळणंच सोडून दिलं. त्यामुळे आम्हा शाळेतल्या कुणीच तिला कधी पळताना पाहिलेलं नव्हतं. काही शिक्षक खाजगीत शंकाही काढायचे. त्यांना मी चांगलंच सुनवायचे, पण खरं सांगायचं तर मलाही कल्पना करता यायची नाही.

ती आमच्याकडे आली तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. सुवर्णपदकवाल्या बाई येणार म्हणून मुलींनी दारात रांगोळी काढलेली. आली ती काळीसावळी, काटक, बेताच्या उंचीची बाई, हातात पत्र्याची ट्रंक. नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, तिनं विचारलं, "मैदान कुठंय?" मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानानं झेंड्याच्या खांबाभोवतीची उतरती जागा दाखवली. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, हितं पोरी पळणार न्हाईत. गडगडतील."

मैदान तिनं स्वतःच शोधलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की तळातली जमीन उघडी पडते. गाळाची, सपाट, पायाला मऊ. कुणी तिथे भाजीपाला लावतं, कुणी काकड्या. मासेमारी करणाऱ्या मंडळींच्या हातापाया पडून तिनं त्यातली एक लांब पट्टी मागून घेतली, दोरी ताणून चुलीतल्या राखेनं त्यावर रेषा आखल्या, आणि सुट्टीच्या दिवसांत मुलींना तिथे पळवायला सुरुवात केली. पलीकडच्या काठावरच्या मुली होडीतून यायच्या. पाऊसकाळात पाणी चढलं की पट्टी, रेषा, सगळं बुडून जायचं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा राख, पुन्हा दोरी. मी एकदा म्हटलं, "दरवर्षी तेच काय उकरून काढायचं?" तर म्हणाली, "पोरी दरवर्षी नव्या येत्यात की."

नावानं ती कुणालाच हाक मारायची नाही. मी मराठी शिकवायचे म्हणून मी 'मराठी'. तसेच 'गणित', 'इंग्रजी', आणि आमचे बिचारे 'भूगोल', जे तिच्यापेक्षा वयानं वीस वर्षांनी मोठे होते. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं शेटबाई. त्यालाही कारण होतं. "ऑन युवर मार्क, सेट" हे तिच्या तोंडून "आनमार्क, शेट" असं यायचं आणि मग ती दोन फळ्या एकमेकींवर आपटायची. पहिल्याच दिवशी एक नवी मुलगी 'शेट' ऐकताच पवित्रा सोडून उभी राहिली आणि मागे वळून बघायला लागली. तिच्या गावात शेट म्हणजे किराणा दुकानदार. तिला वाटलं, शेटजी आले असावेत. तेव्हापासून शेटबाई, ती कायमची.

मुलींचे हात पळताना सैल राहावेत म्हणून तिची एक युक्ती होती. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत तळलेली कुरडई द्यायची. पळायचं जीव तोडून, पण कुरडई मोडता कामा नये. मोडली तर पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात कढई चढायची आणि परातभर कुरडया फुलायच्या. पोरी काय कमी होत्या? त्या मुद्दाम मोडायच्या आणि खाऊन टाकायच्या. तिला हे कळत होतं. "मोडलेली खाल्ली तर चालती. पण खाताना पळू नका, ठसका लागंल," एवढंच म्हणायची.

आमच्या स्वयंपाकघरात, असं म्हटलं खरं, पण ते आधी माझं होतं. पाटबंधाऱ्याच्या जुन्या क्वार्टर्समध्ये आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या होत्या. आठवड्याभरातच तिचा स्टोव्ह बिघडला, आणि तो तिनं कधी दुरुस्तच केला नाही. तिचे डबे माझ्या फळीवर आले. एक दिवस शिरा करावा म्हणून मी रव्याचा डबा उघडला, तर आत कडुलिंबाचा पाला आणि त्यात तिचे शर्यतीचे, खिळ्यांचे बूट! दमट हवेत चामडं बुरसतं आणि खिळे गंजतात, म्हणून डब्यात. महिन्यातून एकदा ती त्या खिळ्यांना खोबरेल लावायची, फडक्यानं पुसायची, आणि पुन्हा पाल्यात निजवायची. घालायची मात्र नाही. मी म्हटलं, "अगं, निदान डब्यावर लिहून तरी ठेव." तिनं लगेच चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'रवा नाही'.

मी लग्न मोडून डिंभ्याला आले होते. जुन्नरच्या माहेरी परतले असते तर रोज कुणी ना कुणी तोंडावर हळहळलं असतं, म्हणून मुद्दाम आडगावची नोकरी धरली. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याबद्दल माझ्याशी अतिशय समजूतदारपणे वागायचे, ते मला सहन व्हायचं नाही. तिनं कधी विचारलं नाही. एकदा मात्र मी ओसरीवर बसून राहिले होते, भात करपल्याचं मला कळलं नव्हतं. तिनं पातेलं उतरवलं, शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पळताना मागं बघायचं न्हाई, असं मी पोरींना सांगते. तुला न्हाई सांगणार. तू बघ पाहिजे तेवढं. तू काय शर्यतीत न्हाईस." इतकं शहाणं वाक्य मला माझ्या नातेवाइकांपैकी कुणीच ऐकवलं नव्हतं. त्या दिवशी मी पोटभर रडले आणि नंतर आम्ही करपलेला भात ताकाबरोबर खाल्ला.

आता तिच्या त्या गोष्टीकडे यायला हवं. ती गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या शाळेत नव्हता. नवा शिक्षक रुजू झाला की मधल्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचं, "बाई, ते सोन्याचं सांगा." की ही चहाचा कप खाली ठेवायची, उभी राहायची आणि सगळ्यांचे आवाज काढून सांगायची.

तिचे वडील, म्हणजे आप्पा, नारायणगाव ते आणे अशी वडापची, सीटा भरल्या की सुटणारी जीप चालवायचे. मुलगी पुण्याला, खेळाच्या वसतिगृहात. तिच्या आयुष्यातली पहिली मोठी शर्यत पुण्यातच होती, राज्याची. दुपारी शर्यत झाली, ही पहिली आली; पदकं संध्याकाळी समारंभात द्यायची होती. मुंबईची एक मुलगी म्हणे दोन वर्षं कुणाला हरली नव्हती, तिला हिनं मागे टाकलं. हिचे सर आनंदानं वेडे झाले. त्यांनी बाहेर जाऊन नारायणगावच्या जीप स्टँडजवळच्या फोनच्या बूथवर फोन लावला. लाइनीत खरखर. सर इकडून ओरडतायत, "आप्पांना सांगा! पोरगी पळाली! मुंबईवालीला मागं टाकलं! सोनं मिळालं!" बूथवाल्याला जे ऐकू आलं ते त्यानं नीट लक्षात ठेवलं आणि बाहेर येऊन भरल्या स्टँडवर आप्पांना सांगितलं, "आप्पा, वाईट वाटून घेऊ नका. तुमची पोरगी पळाली. पुण्यातनं. मुंबईवाल्याबरबर. सोनं घिऊन."

आता, घरातलं सोनं म्हणजे आईच्या गळ्यातले चार मणी. ते सकाळी निघताना आप्पांनी आईच्या गळ्यात पाहिले होते. पण एवढा विचार करायला डोकं ठिकाणावर लागतं. जीप आण्याच्या माणसांनी गच्च भरलेली. आप्पा काही न बोलता स्टिअरिंगवर बसले आणि आळेफाट्याकडे जायचं सोडून त्यांनी गाडी पुण्याच्या रस्त्याला घातली. जीपमध्ये दाढ काढून आलेली एक म्हातारी, बाजारातून शेळी घेतलेले दोघे भाऊ, रिकाम्या क्रेटवाले टोमॅटोचे शेतकरी, आणि पहिल्यांदाच सासुरवाडीला निघालेले एक पावणे. कळंब मागे पडलं तरी पावण्यांना काही संशय आला नाही, कारण त्यांनी रस्ता पाहिलेलाच नव्हता. शेवटी शेळीवाला म्हणाला, "आप्पा, आपण मंचरला कशापायी आलो?" आप्पांनी दोन शब्दांत सांगितलं.  मग म्हातारी तोंडातला कापसाचा बोळा काढून म्हणाली, "चल बाबा. पोरीचा प्रस्न हाय. आमचं काय, उद्या जाऊ." पावणे तेवढे कुरकुरले, "आवो, तिकडं कोंबडं कापलंय माझ्यासाठी." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वसतिगृहात चौकशी केली तर कळलं, पोरगी मैदानावर आहे. सगळी जीप मैदानाच्या फाटकाशी येऊन थांबली. आप्पांच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी, मागे शेळीसकट सगळी पलटण. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "कुणाकडं जायचंय?" आप्पा ओरडले, "सोनं घिऊन पळालेली पोरगी कुठाय?" वॉचमननं शांतपणे बोट दाखवलं. "ती काय, तिकडं. सगळ्यात वरच्या पायरीवर उभी."

इथे आमची टीचर्स रूम हसून हसून आडवी व्हायची. पलटणीनं टाळ्या कशा वाजवल्या, म्हातारीनं दुखऱ्या तोंडानं शिट्टी कशी मारायचा प्रयत्न केला, आणि हिच्या गळ्यातला झेंडूचा हार शेळीनं कसा ओढून खाल्ला, हे सगळं ती करून दाखवायची. शेळीनं हार खाल्ला की गोष्ट संपायची. ती बसायची आणि थंड झालेला चहा प्यायची.

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की हळूहळू मला तिच्यातलं न सांगितलेलं टोचायला लागलं. शेळीपर्यंत सगळे आहेत, आप्पा कुठे गेले? आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवाला ती दरवर्षी आप्पांना निरोप धाडायची. पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवायची. आप्पा यायचे नाहीत, आणि त्या खुर्चीवर अखेर पोलीसपाटील बसायचे. एरवी आप्पांचं तिच्यावर प्रेम दिसायचं. पठारावरची बाजरी, तूप, हुलगे असं काहीबाही कुणाच्या तरी हाती पाठवत राहायचे. फक्त पळण्याचा विषय निघाला की त्यांना जीपचं काम निघायचं. एका वर्षी निरोपाला साधं उत्तरही आलं नाही. त्या दुपारी आम्ही धरणाच्या भिंतीखाली कपडे वाळत घालत होतो. मी विचारलं, "शेळीनं हार खाल्ल्यावर काय झालं गं?"

तिनं हातातली ओढणी पिळली, झटकली, दोरीवर टाकली.

"आप्पा जीपमधी जाऊन बसलं," ती म्हणाली. "मी गेले तर बघितलंबी न्हाई माझ्याकडं. गाडी सुरू केली. माणसं पळत पळत चढली. मी मागनं पळाले. पदक नुसतं छातीवर आपटत व्हतं, लोकं हसत व्हती. मला वाटलं आता थांबतील, आता थांबतील. नदीच्या पुलापतुर पळाले." ओढणीला चिमटा लावत ती म्हणाली, "मराठी, त्या दिवशी मी शर्यतीपेक्षा जोरात पळाले. ते कुणी मोजलं न्हाई."

 मी म्हटलं, त्यांना तुझा राग आला असेल. ती म्हणाली, "राग कशाचा? मी जिंकले त्याचा? मला एवढंच पायजे, त्यांनी एकदा येऊन उभं राहावं. मग मी पडले तरी चालंल." आता पळतच नाहीस तर पडणार कुठून, हे मला म्हणायचं होतं, पण मी बादलीतला पुढचा कपडा उचलला.

त्या गैरसमजानं तिचं आणखीही नुकसान केलं. खरी हकीकत चार दिवसांत सगळीकडे पोचली असेल असं आपल्याला वाटतं, पण 'सोनं घेऊन पळाली' एवढंच गावोगावी पोचलं आणि 'पहिली आली' हे मागेच राहिलं. तिला बघायला निघालेली माणसं दोनदा वाटेतून परत गेली म्हणे. तिसऱ्या वेळी तिनंच सांगितलं, आता कुणाला बोलावू नका. हेही ती हसत सांगायची. "पळालेली पोरगी घरात हाय, ह्याचंच लोकांना लई नवल."

पुढे ती आमच्याच संस्थेच्या आण्याकडच्या शाळेत बदली मागून गेली. गेली तेव्हा रव्याचा डबा तेवढा घेऊन गेली, बाकीचे सगळे डबे मला ठेवले. मला तिची आठवण येते. अशी येते, की उन्हाळ्यात पाणी मागे हटलं आणि गाळाची पट्टी उघडी पडली की मी त्या बाजूची खिडकी लावून घेते. मुली आता रेषा आखत नाहीत, तिथे लोक काकड्या लावतात. फोनवर आम्ही बोलतो, पण फोनवर ती मोठ्यानं आणि कामापुरतंच बोलते, मीटर पडतोय अशा धास्तीनं. मला बस चुकवून तिच्याबरोबर थांब्यावर बसायचं असतं. ते फोनवर कसं जमणार?

पण मला सांगायचं आहे ते तिची बदली होण्याच्या आधीच्या मे महिन्यातलं. बुद्धपौर्णिमेला ती मला आण्याला घेऊन गेली. आदल्या दिवशी डिंभ्याहून निघालेलो, बस बदलत बदलत, घाट चढून पठारावर आलो तेव्हा अंगातलं सगळं पाणी आटलं होतं. झाडं विरळ, वारा मात्र सारखा. नजर जाईल तिथवर सपाट. हिच्या पायांत एवढा वेग कुठून आला ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. एवढी मोकळी जागा पुढे असेल तर पोर चालणार कशाला?

सकाळी विहारात वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. नंतर खीर. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, घरात आप्पा एकटेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, म्हणून जीप विकली होती. ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणायचे, "आता बघायचं काय राहिलंय?" दुपारी ही विहारातली पातेली घासायला बायांबरोबर गेली. मी आणि आप्पा ओट्यावर, लिंबाच्या सावलीत.

आप्पा टोपी काढून मांडीवर तिची घडी करत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमी तिच्याच शाळंत ना? मग तुमी तिला पळताना बघितली आसंल."

"नाही आप्पा. मांडीची शीर तुटल्यापासून ती पळतच नाही."

"मी बघितलीय," आप्पा म्हणाले. "एकदाच. आरशात."

मला आधी समजलं नाही. आप्पांनी हातानं जीपचा बाजूचा आरसा दाखवला, जणू ते अजून स्टिअरिंगवरच बसलेत. "मागं पळत यीत व्हती. गळ्यात ते चमकत व्हतं. एवढीशी दिसत व्हती, मग मोठी व्हायची, मग मी दाबली गाडी की परत एवढीशी."

"मग थांबला का नाहीत, आप्पा?"

"कोणत्या तोंडानं थांबू?" ते म्हणाले. "हातात टॉमी घिऊन गेलतो मी. तिनं इचारलं आसतं, आप्पा, माझी शर्यत बघाया आलता का? काय सांगू? तुला धरून न्याया आलतो, म्हणू? माझ्या पोरीवर कुणीबी काईबी बोललं आसतं तर मी त्येचं थोबाड फोडलं आसतं. आन फोनवाल्यानं एक शबुद काय सांगितला, मीच पयला खरं मानून बसलो. मग म्या टाळ्या वाजवाया कसं जावं? ज्येला सोताच्या पोरीचा भरवसा न्हाई त्येनं पयल्या रांगंत बसावं?"

मी मान वर केली तर ती ओट्याच्या कोपऱ्याशी उभी होती. काखेत घासलेलं पातेलं, कोपरापर्यंत राख. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं ती समजत होती की आप्पांना तिचं पळणं पसंत नाही, आणि आप्पा तिच्यापासून तोंड लपवत फिरत होते.

तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं. ओढणी कमरेला गच्च बांधली. "आप्पा, उठा," ती म्हणाली.

"कुठं?"

"माळावर."

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निमूट निघाले. घरांच्या मागे पडीक माळ होता, सरळ, दगडगोटे वेचून काढल्यासारखा. ऊन उतरलं होतं. तिनं चपला काढल्या, टाचेनं मातीत एक रेषा ओढली, आप्पांना दंडाला धरून त्या रेषेवर उभं केलं. "हितंच थांबा," म्हणाली, आणि तिकडे दूर एक बाभूळ होती तिच्या दिशेनं चालायला लागली. नेहमीच्या चालीनं. त्या दिवशी मला त्या चालीचा जराही राग आला नाही.

मला भीती वाटत होती. चाळिशीकडे झुकलेलं वय, एकदा तुटलेली शीर, किती तरी वर्षांचा खंड, आणि पायात काही नाही. मला तिला थांबवायचं होतं, आणि थांबवलं असतं तर तिनं मला जन्मात क्षमा केली नसती.

"कुठवर गेली?" आप्पांनी विचारलं.

"बाभळीपाशी पोचली. वळली इकडे."

"मला नुसतं धुकट दिसतंय." त्यांनी डोळे चोळले. मग एकदम माझं मनगट धरलं. "बाई, तुमचा आवाज मोठा हाय का? तिला सांगा, मी थांबलोय म्हणावं."

मी ओरडले. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज माझा, पण पठारावरच्या वाऱ्यानं तो कुठे नेला ते कळेना. मी पुन्हा ओरडले, "बाई! आप्पा म्हणतात, मी थांबलोय!" तिला ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. ती वाकली. बोटं जमिनीला टेकवली. फळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं.

आणि ती निघाली.

जिच्याबरोबर मी इतकी वर्षं भाजी निवडली, बसची वाट पाहिली, करपलेला भात खाल्ला, ती ही नव्हती. किंवा हीच होती आणि बाकीची सगळी वर्षं मी दुसऱ्याच कुणाला ओळखत होते. तिचे हात पाहिले मी. इतक्या वेगात ते इतके सैल होते. चेहऱ्यावर कसलाही ताण नव्हता, दुखत असणारच, पण ती माझ्याकडे बघत नव्हती आणि कुठेच बघत नव्हती, फक्त समोरच्या त्या टोपीकडे. 

"निघाली का?" आप्पा विचारत होते. "बाई, निघाली का? सांगा की."

 मी नुसती मान हलवत होते, आणि ते त्यांना दिसणार नव्हतं. "निघाली का वो?" ते पुन्हा म्हणाले. त्यांनी मान तिरकी केली, कान दिला. मग माझं मनगट सोडून दोन्ही हात पुढे पसरले. अनवाणी पावलं जवळ येत असल्याचं त्यांना ऐकू आलं होतं.